उंबऱ्याबाहेरची पायताणं

बारामतीच्या किंवा इंदापूरच्या जुन्या पेठेत कापडदुकानात केवढा बस्ता चालू आहे, हे कळायला आत डोकावावं लागत नसे. पायरीशी नजर टाकली की पुरे. सात-आठ जोड दिसले तर साखरपुड्याची किरकोळ खरेदी. तीस-चाळीस दिसले तर दोन्हीकडची मंडळी झाडून आली आहेत, लग्नाचा बस्ता बांधला जातोय, आणि चहावाल्या पोऱ्याच्या आता चार फेऱ्या ठरलेल्या. करकरणारी कोल्हापुरी, टाच झिजून कागद झालेली रबरी स्लीपर, नवरदेवाच्या मित्राचे लेसचे बूट, आजीबाईंची अंगठ्याची चप्पल, सगळं एकावर एक. आत पांढऱ्या चादरीची गादी. तिच्यावर मांडी घालून बसलेला मालक, गुडघ्यांवर सरकत साड्यांच्या घड्या उलगडणारा नोकर, मानापानाच्या लुगड्यांवरून तोंड फुगवून बसलेली वरमाई. पाय सगळ्यांचे उघडे.

अमेरिकेत १९७०च्या सुमारास दुकानांच्या आणि खानावळींच्या दारांवर एक पाटी सर्रास दिसू लागली. पायात बूट नाहीत, अंगात शर्ट नाही, तर इथे काही मिळणार नाही, असा तिचा मतलब. रोख होता लांब केसांच्या, अनवाणी हिंडणाऱ्या हिप्पी पोरांवर. ही आरोग्यखात्याची सक्ती आहे, असं तिकडे आजही पुष्कळांना वाटतं. खरं तर अन्नाच्या स्वच्छतेचे नियम रांधणाऱ्याला आणि वाढणाऱ्याला बांधतात. जेवणाऱ्याच्या पायात काय आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. कऱ्हा आणि नीरेच्या खोऱ्यातली पाटी याच्या नेमकी उलट: ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात.’ एकीकडे घालून या, दुसरीकडे काढून या. पण दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या वस्तूंबद्दल अट घालावी का, आणि घातली तर कुठवर, हा तिढा दोन्हीकडे एकच आहे. या दोन तालुक्यांत तो दोनशे वर्षं तरी घोळतो आहे.

पाटी उलटी का, याचं उत्तर वाड्याच्या बांधणीत आहे. जुन्या पेठेत दुकान आणि घर अशा दोन वास्तू नव्हत्याच. रस्त्याकडेचा सोपा म्हणजे दुकान, मागे माजघर, त्याच्या मागे चूल आणि देवघर. गिऱ्हाईक पायरी चढलं की ते व्यापाऱ्याच्या घरातच शिरलं. बारामतीचं नाव पेशवाईत गाजलं तेही एका सावकारी घराण्यामुळे. बाबूजी नाईक जोशी हे तिथले बडे सावकार. त्यांचे भाऊ आबाजी नाईक म्हणजे पहिल्या बाजीरावाच्या बहिणीचे, भिऊबाईंचे यजमान. कवी मोरोपंत नाईकांच्याच आश्रयाने बारामतीत राहिले आणि १७९४ साली तिथेच वारले. अशा घरात पैशाचा व्यवहार होई तो बैठकीवर. गादी, लोड, तक्क्या, पुढ्यात उतरत्या झाकणाची पेटी, तिच्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्या. दिवाळीला त्याच वह्यांची पूजा होणार. तिथे काळ्या रानातला चिखल लागलेलं पायताण आणायचं नाही, हे कुणी कुणाला सांगावंही लागत नसे.

यात निव्वळ व्यवहारही पुष्कळ होता. साडीला डाग पडला की तिची किंमत गेली. सराफाचं तर आणखी बारीक. सोनाराच्या कारखान्यातला केरसुद्धा फेकत नाहीत. झारेकरी तो विकत घेतो, धुतो आणि त्यातून सोन्याचे कण काढतो. मग तो कण बाहेरच्या वहाणेला चिकटून कोण जाऊ देईल? खानावळींची रीत त्याहून अवघड. सोवळं पाळणाऱ्या जुन्या ब्राह्मणी खानावळीत आणि पंगतीत पानावर बसायचं तर सदरा उतरवायचा, सोवळं किंवा मुकटा नेसायचा. अमेरिकेतली पाटी शर्टाशिवाय वाढत नाही. इथे शर्टासकट वाढत नसत.

पण पायरी सगळ्यांना सारखी नव्हती.

सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडीत होतं. १२ मे १८७५ हा तिथल्या बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले कुणबी जमले आणि गुजराती-मारवाडी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते रोखे आणि खतं. ती मिळाली तशी त्यांनी जाळली. धान्याची दुकानं लुटली गेली, काही ठिकाणी घरंही पेटवली गेली. इतिहासात यालाच दख्खनचे दंगे म्हणतात. ते इथून नगर जिल्ह्यापर्यंत पसरले, सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्या दंग्यात जोड्यांची तक्रार कुणी केली नव्हती. तक्रार व्याजाची, कोर्टाच्या हुकूमनाम्यांची आणि गेलेल्या जमिनीची होती. तरी सावकारी पेढीचं चित्र डोळ्यांपुढे आणलं की कुळाची जागा दिसते. गादीवर सावकार आणि मुनीम, गादीच्या कडेला शेजारचा व्यापारी, खाली जमिनीवर किंवा पायरीवर उकिडवा बसलेला कुणबी, आणि त्याचं पायताण त्याहून खाली, धुळीत. वही वर असते आणि अंगठा खालून वर न्यावा लागतो. त्या बाजाराच्या दिवशी मात्र वहाणा नीट जोडून ठेवून कुणी पायरी चढलं असेल, असं काही वाटत नाही.

इंग्रजी अमलाने आणखी एक उंबरा आणला: कचेरी. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी रयतवारीची नवी मोजणी १८३५ साली सुरू केली ती इंदापुरातच. पुढे मुंबई इलाख्यात तीच पद्धत पसरली. मोजणी आली तशी साहेबासमोर हजर होण्याची वेळही वाढली. साहेबासमोर जायचं कसं? एतद्देशीयांनी जोडे बाहेर काढावेत, हा हिंदुस्थानी मानाचाच रिवाज आहे, असं कंपनी सरकार म्हणू लागलं. लॉर्ड अॅम्हर्स्टने तो आग्रह धरला, डलहौसीच्या काळात सरकारी इमारतींतही तो कडक झाला. गंमत अशी, की विलायती पोशाखातल्या हिंदी माणसाला सूट होती. म्हणजे पाय तेच, माणूस तोच. बूट इंग्रजी असला की तो स्वच्छ.

१८६२ साली सुरतेत हे फुटलं. मानकजी कावसजी एंटी हे तिथल्या फौजदारी अदालतीत असेसर होते. सेशन्स जज्जाने जोडे काढायला सांगितले, त्यांनी नकार दिला, त्यांना कोर्टात येऊ दिलं नाही, आणि त्यांनी थेट मुंबईच्या गव्हर्नरकडे लेखी तक्रार नेली. सुरत तेव्हा बारामतीसारखीच मुंबई इलाख्यात. या वादात हिंदी लोकांनी मांडलेला मुद्दा आजही लागू पडतो. आम्ही घरात आणि देवळात जोडे काढतो, कारण रस्त्याची घाण तिथे न्यायची नसते. पण कोर्ट हे काही कुणाचं घर नव्हे, आणि देऊळही नव्हे. सार्वजनिक जागेत, एकाच्या पायात बूट असताना दुसऱ्याला ते काढायला लावणं, यात स्वच्छतेचा संबंध कुठे येतो?

पेठेतल्या गादीला हीच फूटपट्टी लावली तर ती निम्मी उतरते आणि निम्मी नापास होते. मालकाचेही जोडे पायरीखालीच असतील, तर ती त्या घराची रीत म्हणायची. सगळ्यांना पायरी चढू देत असतील, तरच. तसं नव्हतं. अस्पृश्य मानलेल्या गिऱ्हाइकाला जोडे काढूनही वर येता येत नसे. पैसे खाली ठेवायचे, दुकानदार त्यांवर पाणी शिंपडून उचलणार, माल वरून टाकणार. आणि कित्येक गावांत वरच्या आळीतून जाताना त्याने वहाणा पायातून काढून हातात घ्यायच्या, हा दंडक वेगळाच. ज्या चांभाराने सगळ्या गावाचे जोडे शिवायचे त्याच्याच पायांवर पहारा.

चांगला पोशाख केला की हा उंबरा ओलांडता येतो का, याची परीक्षा १९०१ साली शेजारच्या सातारा जिल्ह्यात मसूर स्टेशनवर झाली. नऊ-दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर घरातल्या इतर मुलांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला होता. नवे विलायती शर्ट, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं, अशी सगळ्यांची नटूनथटून तयारी. न्यायला कुणी आलं नाही म्हणून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. कपड्यांवरून त्याला ती ब्राह्मणांची मुलं वाटली. मुलांनी जात सांगितली आणि मास्तर मागे सरला. पुढे बैलगाडीसाठी दुप्पट भाडं द्यावं लागलं, गाडी स्वतः हाकावी लागली आणि रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पोशाखाची अट ही वरवर कपड्यांची अट दिसते, हे त्यात लख्ख कळतं. तरी कपडे बिनमहत्त्वाचे, असं बाबासाहेब म्हणाले नाहीत. डिसेंबर १९२७मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना लुगडं नेसायची पद्धत बदला, जातीची खूण पटवणारे जड दागिने टाका, असं सांगितलं.

बारामती-इंदापूरची पेठ बदलली ती मात्र पाण्याने. भाटघर धरणाच्या पाण्यावर नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास सुरू झाला आणि कोरड्या रानात ऊस उभा राहू लागला. १९१४ साली दौंड-बारामती नॅरोगेज आली. गुळाच्या ढेपा गाडीने बाहेर जाऊ लागल्या. १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या कळंबजवळ वालचंद हिराचंदांनी साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसवलं. स्वातंत्र्यानंतर भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर असे सहकारी कारखाने झाले आणि उसाचं बिल घेऊन शेतकरी पेठेत आला तो कर्ज मागायला नव्हे, खरेदीला. इस्त्रीचा पांढरा सदरा, कडक टोपी, पायात करकर वाजणारी कोल्हापुरी. ती करकर मुद्दाम करून घेतलेली असते. माणूस येतोय हे आधी कळावं म्हणून. अशा गिऱ्हाइकाला पायरीवर उकिडवं कोण बसवील?

त्याच सुमारास दुकानात काउंटर आला. या लाकडी खोक्याने जेवढं बदललं तेवढं कुठल्या सुधारकाने बदललं नसेल, असं कधीकधी वाटतं. काउंटर आला आणि दोन्ही बाजूंची माणसं उभी राहिली. मालकाचं आसन गिऱ्हाइकाच्या डोक्याच्या वर राहिलं नाही. पाय काउंटरखाली दिसेनासे झाले, म्हणून त्यांवरचा नियमही आपोआप सुटला. किराणा, औषधं, खतं-बियाणं, हार्डवेअर इथे चपला काढा असं आता कुणी म्हणत नाही. आडतीवर तर कधीच म्हणत नव्हते. गादी टिकली ती कापड आणि सोनं या दोन धंद्यांत, जिथे माल पसरून दाखवावा लागतो आणि गिऱ्हाइकाला दोन-तीन तास बसवायचं असतं. चप्पल एकदा काढली की माणूस चटकन उठत नाही, हेही व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

मध्येच नियम भलत्याच ठिकाणी उगवला. १९९०च्या दशकात संगणकाचे क्लास निघाले, आणि संगणक म्हणजे जणू कुळाचा देव. बाहेर चपलांचा ढीग, आत एसीत कुडकुडणारी उघड्या पायांची पोरं. डॉक्टरांच्या दवाखान्यात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये तीच पाटी. काही ठिकाणी ती योग्यच. पण आत जाणारा डॉक्टर स्वतः बुटासकट खुर्चीत बसलेला असतो, तेव्हा सुरतेच्या मानकजींची आठवण यायला हरकत नाही. अन्नाच्या बाबतीत आपले कायदेही सरळ आहेत. २०११च्या अन्नसुरक्षा नियमांत स्वच्छतेची बंधनं अन्न हाताळणाऱ्यांवर आहेत. भिगवणला उजनीच्या माशांचं ताट घेऊन बसलेला ट्रकचालक लुंगी-बनियनवर आहे की सुटाबुटात, हे त्यात येत नाही.

कचेरीचं तर पार उलटं झालं. ८ डिसेंबर २०२०च्या परिपत्रकाने महाराष्ट्र सरकारने कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट घालू नका आणि कार्यालयात स्लीपर वापरू नका, असं बजावलं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जिथे जोडे काढायला लावत होते, तिथे आता जोडे घाला म्हणून हुकूम. निदान तो कर्मचाऱ्याला आहे, सातबारा काढायला आलेल्या माणसाला नाही, हे बरं.

हे सगळं चालू असताना याच रस्त्यावरून दरसाल एक जोड पालखीत बसून जातो. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून वारीला नेण्याची रीत सुरू केली. उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा पालखीचा मार्ग या दोन तालुक्यांतून जातो. काटेवाडीला परीट समाजाची मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. बेलवडीला गोल रिंगण. सराटीला पादुकांना नीरेत स्नान. पायघडीचं धुतलेलं धोतर खाली आणि पायातली वस्तू वर, अशी उतरंड उलटी करणारा हा एकच दिवस. गर्दीत कुणी अनवाणी, कुणी कापडी बुटात, कुणाच्या टाचेला चिंधी बांधलेली. ठिकठिकाणी चर्मकार मंडळी रस्त्याकडेला पोतं अंथरून बसतात आणि वारकऱ्यांच्या तुटलेल्या चपला फुकट शिवून देतात.

ही वाट जिथे संपते त्या पंढरपुरात १९१५ साली चित्रकार मकबूल फिदा हुसेन जन्मले. कवी गजानन माधव मुक्तिबोध १९६४ साली गेले, तेव्हापासून हुसेननी पायात काही घालणं सोडलं. १९८८ साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबने अनवाणी आहेत म्हणून त्यांना परत पाठवलं. गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला घेत नव्हते, म्हणून गव्हर्नर विलिंग्डनने १९१८मध्ये हा क्लब काढला होता. सत्तर वर्षांत दार तेवढं राहिलं, दरवान बदलला.

असे प्रसंग सरले नाहीत. २०१४ साली चेन्नईत क्रिकेट संघटनेच्या क्लबने मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी नेसलेत म्हणून अडवलं. महिन्याभरात तमिळनाडू विधानसभेने असं अडवणं बेकायदा ठरवणारा कायदा केला. जुलै २०२४मध्ये बंगळूरच्या जीटी मॉलने मुलाबरोबर सिनेमाला आलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याला धोतरावरून दारात थांबवलं. कर्नाटक सरकारने मॉल सात दिवस बंद करायला लावला. संविधानाच्या पंधराव्या कलमाने धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून दुकानात, हॉटेलात मज्जाव करता येत नाही. त्या यादीत पोशाख नाही. मग पोशाखाच्या आडून या पाचांतलं एखादं कारण आत शिरतं, ते पकडायचं कसं? अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५च्या दुरुस्तीने एक पोटकलम आलं, २६ जानेवारी २०१६पासून ते लागू आहे: अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी पायताण किंवा नवे कपडे घालण्यापासून अडवणं हा गुन्हा. एकविसाव्या शतकात ‘पायताण’ हा शब्द फौजदारी कायद्यात घालावा लागला.

बारामतीत आता काचेची दारं असलेली दुमजली शोरूम आहेत. फरशी इतकी गुळगुळीत, की लागणीच्या रानातून थेट आलेला माणूस दारात क्षणभर थबकतो. आत ‘चपला काढा’ लिहिलेलं नाही, ‘बूट घालून या’ही लिहिलेलं नाही, सगळं दारावरच्या सुरक्षारक्षकाच्या नजरेवर सोपवलेलं. जुन्या गादीचा दुकानदार त्यापेक्षा मोकळा म्हणायचा. त्याची पाटी वाचता यायची, आणि तिच्यावरून त्याच्याशी भांडता तरी यायचं. फरशीची काळजी असेल तर दारात पायपुसणं आणि पाण्याचा नळ ठेवावा. ते कापडदुकानांनी कधीच केलेलं आहे. बस्त्याच्या दिवसांत चपला जोडीने लावून ठेवायला एक पोरगाही असतो, आणि रात्री दुकान वाढवताना अदलाबदल झालेला एखादा डावा पाय त्याच्याकडे हमखास उरतो.

पालखी मुक्कामाला असते त्या रात्री याच पेठेतल्या ओट्यांवर, बंद शटरांच्या पुढ्यात, मिळेल त्या कोपऱ्यात वारकरी आडवे झालेले असतात. पाऊस आला की दुकानदार शटर अर्धं वर घेतो, गादीवरची पांढरी चादर गुंडाळून ताडपत्री अंथरतो आणि ओट्यावरच्यांना आत घेतो. पायरीखाली त्या रात्री एकही जोड दिसत नाही. गर्दीत हरवू नयेत म्हणून वहाणा पिशवीत बांधून सगळ्यांनी उशाला घेतलेल्या असतात.